मोहाच्या मुलखांत दोन सकाळी

फ्रान्समध्यें बोर्दो किंवा शांपेन प्रांतांत मित्रमंडळींसह शनिवार-रविवार घालविण्याची चाल आहे. द्राक्षांचे मळे हिंडावे, तळघरांतील पिंपें पाहावीं, मळेवाल्याशीं चार गोष्टी बोलाव्या आणि परतावें. अलीकडे आपल्या नाशिककडेही मंडळी त्याच हौसेनें जातात. परंतु ज्याचें उन्हाळ्याचें गणित एका फुलावर बसलेलें आहे, असा मुलूख विदर्भांत आहे, आणि तिकडे मात्र हौसेनें कोणी जात नाहीं.

चंद्रपूर जिल्ह्याच्या पूर्व भागांत, वैनगंगेच्या अलीकडे पोंभुर्णा तालुका आहे. फाल्गुन सरतां सरतां येथील मोहाचीं पानें झडतात आणि फांद्यांच्या टोकांशीं फुलांचे घोंस येतात. फूल पांढुरकें, मांसल व रसाळ असतें. तें रात्रीं उमलतें आणि पहांटे टपटप गळूं लागतें. म्हणून पाहुण्यानें येथें रात्री नव्हे, तर सकाळी राखून ठेवाव्या. उन्हें चढण्यापूर्वीं बायका-मुलें टोपल्या घेऊन झाडाखालीं वेंचण्यास बसलेलीं दिसतात. द्राक्षाची वेल दोन-तीन वर्षांत फळते; मोहाला फुलावर येण्यास आठ-दहा वर्षें किंवा अधिकही लागतात. तो सहसा कोणी लावीत नाहीं. रान मोडून शेत करतांना वाडवडिलांनीं झाड राखलें, एवढीच त्याची लागवड.

वेंचलेलीं फुलें अंगणांत वाळवितात. वाळल्या फुलांत निम्म्याहून अधिक साखर असते, त्यामुळें तीं पुष्कळ दिवस टिकतात. तीं भाजून खातात, शिजवितात, भाकरींत घालतात. टंचाईच्या दिवसांत त्यांनीं कित्येक घरांची चूल पेटती ठेविली. पुढें येणाऱ्या फळांच्या बियांचें तेल निघतें. हींच फुलें पाण्यांत कांहीं दिवस भिजवून आंबविलीं आणि तें आंबवण चुलीवर ठेवून त्याची वाफ थंड केली, म्हणजे दारू होते. द्राक्षमद्य आंबण्यावर थांबतें. मोहाच्या दारूला अग्नि लागतो, म्हणून ती अधिक कडक.

कायदा मात्र या दोहोंशीं सारखा वागला नाहीं. फ्रान्सनें १९३५ सालीं कायदा करून कोणत्या गांवच्या मद्यानें कोणतें नांव लावावें हें ठरविलें. तेथें कायदा मळेवाल्याचा पाठीराखा झाला. इकडे मुंबई सरकारनें १८९२ सालीं ठाणें व कुलाबा जिल्ह्यांसाठीं मोहाच्या फुलांवरच निर्बंध घातले. दारूची गोष्ट राहो, फूल बाळगण्यावरही बंधन आलें. १९४९ सालच्या मुंबई दारूबंदी कायद्यांतही या फुलाचा उल्लेख आहे.

तथापि दारूचें दुःख लहान लेखूं नये. गडचिरोलींत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरांत ती स्त्रियांच्या चळवळीनंतर १ एप्रिल २०१५ रोजीं आली आणि २०२१ मध्यें उठली. जिच्या घरांत दारूनें कलह माजला त्या बाईचें म्हणणें खरें, आणि जिची पावसाळ्याची मीठमिरची वाळल्या फुलांवर चालते तिचेंही खरें. पुष्कळदां त्या दोघी एकच असतात. २००६ च्या वनहक्क कायद्यानें गौण वनोपजावर वनवासी ग्रामस्थांचा हक्क मान्य केला, तेव्हां फुलाकडे उपजीविका म्हणून पाहाण्याची वाट मोकळी झाली.

आणखी एक संकट झाडाखालींच आहे. फुलें नीट दिसावीं म्हणून पालापाचोळा पेटवितात. ती आग कधीं कधीं रानभर पसरते आणि मोहाचीं कोंवळीं रोपें जाळून टाकते. जुनीं झाडें उभीं आहेत, पण त्यांच्या मागें येणारीं कमी आहेत. झाडाखालीं जाळें बांधलें तर आग लावावी लागत नाहीं, फूलही स्वच्छ मिळतें. कांहीं ठिकाणीं हा उपाय सुरूं झाला आहे. ओणवें बसून वेंचणाऱ्या माणसावर वाघ झडप घालतो, असे प्रसंगही या जिल्ह्यांत घडले आहेत.

तेव्हां मंडळींनीं जावें तें चैत्रांत. गांवकऱ्यांच्या सोबतीनें, उजाडल्यावर, शेताच्या बांधावरील झाडांपाशीं. हातभट्टीची चौकशी करूं नये, ती गुन्हा आहे. वाळलीं फुलें वेंचणाऱ्या बाईकडूनच योग्य दामानें घ्यावीं, घरीं भाजून पाहावीं. आणि येतांना त्या झाडाखालीं एखादें रोप वाढतें आहे काय, तेंही पाहून यावें.