खेडला आलेली पुस्तकं

'परीक्षणासाठी पुस्तकाच्या दोन प्रती पाठवाव्यात' अशी चौकट पुण्या-मुंबईच्या मासिकांत ठरलेली असते. खेडमध्ये अशी चौकट कुणी छापत नाही, तरी पुस्तकं येतात. अमुक माणूस वाचतो आणि स्थानिक साप्ताहिकात चार ओळी लिहितो, एवढी बातमी पुरते. मग कुणी भरणे नाक्यावर गाठून पिशवीच हातात देतं, कुणी टपालाने धाडतं. स्वस्तातली नोंदणीकृत बुक पोस्ट २०२४च्या डिसेंबरात बंद झाली, तेव्हा स्वखर्चाने पुस्तक काढणाऱ्यांनी बरीच कुरकुर केली. २०२५च्या मे महिन्यात 'ज्ञान पोस्ट' आली. तीनशे ग्रॅमपर्यंत वीस रुपये. बहुतेक कवितासंग्रह त्यात बसतात.

कवितासंग्रहच सगळ्यांत जास्त येतात, आणि त्यांच्याबद्दल थोडक्यात सांगून पुढे जातो. यंदाही मुखपृष्ठावर माड, आत गाज, लाटा, गलबत. खेड तालुक्याला समुद्र नाही हो! आपल्याकडे आहे ती जगबुडी आणि पुढची खाडी. ही नदी पावसाळ्यात बाजारपेठेत शिरते, दुकानदार रात्रीतून माल माळ्यावर चढवतात. लोट्याच्या रासायनिक कारखान्यांच्या सांडपाण्याबद्दल खाडीकाठचे मच्छीमार वर्षानुवर्षं ओरडताहेत. यातलं काही कवितेत आलं तर तो संग्रह मी दुसऱ्यांदा वाचीन. एका तरुणाच्या संग्रहात ओला माल उन्हात वाळवणाऱ्या कापडवाल्यावर एक कविता होती. तेवढी लक्षात राहिली.

कादंबऱ्या कमी येतात. त्यांचं एक दुर्दैव आहे. जगबुडीकाठावर लिहायला बसलेल्या प्रत्येकाच्या डोक्यावर श्री. ना. पेंडसे बसलेले असतात. पेंडसे मूळचे शेजारच्या दापोली तालुक्यातल्या मुर्डीचे. पण 'तुंबाडचे खोत' (१९८७) ही त्यांची दोन खंडांची कादंबरी आपल्या तालुक्यातल्या तुंबाडची. २०१८च्या 'तुंबाड' चित्रपटाने गावाचं नाव देशभर नेलं, पण त्यातल्या कथेचा खोतांशी संबंध नाही. नवे वाचक मात्र कादंबरीत भूत शोधतात आणि हिरमुसतात. नवे कादंबरीकार पडका वाडा, तिरसट खोत, सोसणाऱ्या बायका असा तोच ऐवज पुन्हा मांडतात. पेंडशांनी ते पिढ्यान् पिढ्यांच्या आवाक्यात आणि निर्दयपणे केलं. नव्यांकडे हळहळ तेवढी आहे.

खरं वाचण्यासारखं निघतं ते गावांच्या इतिहासात आणि कुलवृत्तांतांत. भाषा रुक्ष, फोटो काळपट, मुद्रितशोधनाचा पत्ता नाही. पण माहिती दुसरीकडे कुठेही न मिळणारी. यंदाच्या एका पुस्तिकेत पालखीचे मानपान कुणाकडे, होळीचा माड कुठून येतो, इथपासून शेताच्या प्रत्येक तुकड्याचं नाव दिलंय. कुठलं खाचर, कुठलं वरकस, कुठल्या कातळावर गुरं जात. लेखक मुंबईत नोकरी करून परतलेले. म्हाताऱ्या माणसांना बांधावर नेऊन त्यांनी ही नावं लिहून घेतली. या तीन-चार पानांसाठी त्यांना मी पैकीच्या पैकी देतो.

पण याच वर्गातल्या बहुतेक पुस्तकांवर माझा एक आक्षेप आहे. खोतीवर त्यांत दोन वाक्यं असतात आणि तीही खोताच्या ओटीवरून लिहिलेली. डॉ. आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबईच्या विधानसभेत खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. प्रत्यक्ष कायदा व्हायला १९४९ उजाडलं. दरम्यान कुळांनी काय सोसलं, किती घरं गिरणगावात गेली, मनीऑर्डरीवर गाव कसं चाललं, हे लिहिणारं पुस्तक हवं आहे. कुलवृत्तांत निघतात ते ज्यांची कागदपत्रं जपली गेली त्यांचे. कुणबी वाडीतल्या घराचा कागद म्हणजे फार तर सातबारा आणि एखादं पोस्टकार्ड. त्यावरूनही इतिहास लिहिता येतो, पण त्यासाठी घरोघर बसावं लागेल.

नमन-खेळे आणि जाखडीवरची पुस्तकं चांगल्या हेतूने काढलेली असतात. घोटाळा होतो तो भाषेत. सोंगाच्या तोंडची बोली संपादक 'शुद्ध' करून टाकतो आणि गवळणीतली मावशी पुण्याच्या बाईसारखी बोलू लागते. छापील संवाद नमनवाल्यांना वाचून दाखवावेत, त्यांना हसू आलं नाही तर समजावं.

प्राध्यापकांच्या प्रबंधांबद्दल काय लिहावं! विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१०मध्ये गुणांकनाची पद्धत आणली, पुस्तकाला गुण मिळू लागले आणि आयएसबीएन असलेल्या पुस्तकांचं पीक आलं. त्यातली बरीच आतून कोरीच राहिली असती तरी चाललं असतं.

इतकं लिहूनही लेखकांची नावं मी घेतलेली नाहीत. ती वेळोवेळी परीक्षणांत छापून आली आहेत. आढाव्यात पुन्हा कुणाला चौकात उभं करायचं नव्हतं. लहान गावात परीक्षण लिहिणं जिकिरीचंच. वसंत दावतरांनी १९६२मध्ये 'आलोचना' काढलं तेव्हा परीक्षकाचं नाव छापायचं नाही असा दंडक घातला होता. खेडमध्ये तो चालणार नाही. दुसऱ्याच वाक्यावरून लोक ओळखतील. त्यामुळे सही करून, दोष दाखवून, संध्याकाळी त्याच लेखकाबरोबर चहा पिणं एवढंच उरतं. विष्णुशास्त्री चिपळूणकरांना 'निबंधमाले'त हा प्रश्न नव्हता.

शेवटी लेखकांना एक विनंती. १९५४चा ग्रंथप्रदान कायदा अजून आहे. प्रकाशनापासून तीस दिवसांत स्वखर्चाने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्ली इथल्या ग्रंथालयांना एकेक प्रत द्यायची असते. दंड पन्नास रुपयांपर्यंत आणि वर पुस्तकाची किंमत, म्हणून कुणी घाबरत नाही. पण शंकर गणेश दात्यांच्या ग्रंथसूचीसारखं काम उद्या कुणी हाती घेतलं, तर तुमचं पुस्तक त्याला सापडणार कुठे? २२ जुलै २०२१च्या पुरात चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराची, १८६४पासूनच्या त्या संस्थेची, किती पुस्तकं भिजली हे आपण पाहिलंय. तेव्हा मला एकच प्रत पाठवा. दुसरी मुंबईला धाडा, आणि तिसरी आपल्या तालुक्याच्या वाचनालयात द्या, वरच्या मजल्यावर ठेवायला सांगून.