मावळे हलू लागतात तेव्हा

दिवाळी आली की पुण्यातल्या सोसायट्यांपासून मुळशीच्या मुठे खोऱ्यापर्यंत अंगणाअंगणांत किल्ले उभे राहतात. दगडविटांवर भिजवलेलं गोणपाट, त्यावर चिखल, चिखलात अळीव. सिंहासनावर महाराज, बुरुजांवर मावळे, पायथ्याशी गवळण आणि महादरवाजाहून मोठा वाघ. प्रमाणाचा हा गोंधळ कुणाला खुपत नाही, खुपूही नये. पण हे सैन्य कधी लढत नाही. चार दिवस जागच्या जागी पहारा देतं आणि पुढच्या वर्षापर्यंत खोक्यात जातं.

युरोपात अशाच छोट्या सैनिकांना नियम मिळाले. प्रशियात राइसविट्झ पितापुत्रांनी युद्धाचा खेळ रचला. मुलाने १८२४ मध्ये त्याचे नियम छापले आणि तो सैन्याधिकाऱ्यांच्या शिक्षणात गेला. १९१३ मध्ये इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांनी ‘लिटल वॉर्स’ लिहून तो घराच्या फरशीवर आणला. त्यात खेळण्यातल्या तोफेने शत्रूचे शिपाई खरोखर आडवे पाडायचे असत. आता तोफेची जागा फाशांनी घेतली आहे. हाताने रंगवलेले जेमतेम इंचभर उंचीचे सैनिक टेबलावर मोजपट्टी लावून पुढे सरकवतात, आणि गोळी लागली की नाही हे फासे सांगतात. या टेबलांवर मराठी फौजाही उतरतात, बहुधा असईसाठी. २३ सप्टेंबर १८०३ ची ही लढाई आजच्या जालना जिल्ह्यात, केळणा आणि जुई नद्यांच्या बेचक्यात झाली. इंग्रज सेनापती वेलस्लीने ती जिंकली, पण त्याचे दीड हजारांहून जास्त लोक मेले किंवा जखमी झाले.

मात्र एकटी लढाई हा खेळाचा अर्धाच भाग. खरी चुरस मोहिमेत असते. मित्रांचा गट नकाशा पसरतो, प्रत्येक जण एक सेनापती होतो आणि एक जण पंच. हुकूम चिठ्ठीवर लिहून पंचाकडे द्यायचे. शत्रू कुठे आहे हे फक्त त्यालाच ठाऊक. दोन फौजा समोरासमोर आल्या की टेबल मांडायचं. तिथे गमावलेली माणसं पुढच्या लढाईत परत मिळत नाहीत. इंग्लंडच्या टोनी बाथ यांनी अशा मोहिमा कशा आखाव्यात यावर १९७३ मध्ये पुस्तकच लिहिलं.

मराठी इतिहासाला हाच साचा बसतो. एकट्या लढाईच्या खेळात पळणारा हरतो, त्यामुळे गनिमी कावा तिथे निव्वळ भित्रेपणा ठरतो. मोहिमेत मात्र मागे हटलेला घोडेस्वार उद्या शत्रूची रसद मारतो. पानिपतही १४ जानेवारी १७६१ या एका दिवसात समजत नाही. आधीच्या ऑक्टोबरात अफगाण बादशहा अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडून मराठा सेनापती भाऊंची दिल्लीची वाट अडवली आणि छावणीत उपासमार सुरू झाली. हे नकाशावर खेळलं तरच कळतं.

मुठे खोऱ्याच्या आसपास खेळायचं तर १६६५ साल घ्यावं. मुठा गाव नकाशाच्या वरच्या कोपऱ्यात ठेवा. उत्तरेला पौड खोरं, दक्षिणेला मोसे खोरं, आग्नेयेला सिंहगड, त्यापलीकडे राजगड आणि पुरंदर. मार्चच्या सुरुवातीला मोगल सेनापती मिर्झाराजे जयसिंह पुण्यात येतो, महिनाअखेर पुरंदरला वेढा पडतो आणि एप्रिलच्या मध्यावर शेजारचा वज्रगड जातो. पुरंदरावर किल्लेदार मुरारबाजी पडतो, तरी गड झुंजत राहतो.

महाराजांची बाजू घेणाऱ्याला वाटतं, गड टिकला की बाजी आपली. तेवढ्यात पंच दुसरी चिठ्ठी वाचतो: मोगल सरदार दाऊदखानाच्या तुकड्या राजगड-सिंहगडाच्या भोवतालची गावं जाळत सुटल्या आहेत. गावं गेली की धान्य जातं, महसूल जातो, मावळ्यांच्या घरादारांचा घोर लागतो. पटावर हे गुणांनी मोजता येतं. दर फेरीला जळालेल्या प्रत्येक गावाचा एक गुण कापायचा, मग बुरुज शाबूत असूनही खेळाडू तहाचा विचार करू लागतो.

मोगलांकडे किमान दोन खेळाडू हवेतच. वेढा चालवणाऱ्या दिलेरखानाला पुरंदर आपल्या हातून पडायला हवा, तर जयसिंहाची नजर तह उरकून विजापूरवर जाण्याकडे. दोघांना वेगवेगळे गुप्त उद्देश दिले की भांडण आपोआप सुरू होतं, आणि मराठ्यांच्या बाजूच्या खेळाडूला त्याचाच फायदा उठवायचा असतो.

पावसाचा नियम मात्र सोडू नये. जून उजाडला की दर फेरीला पंचाने फासा टाकायचा. सहा पडला की तोफा जागच्या हलत नाहीत आणि वेढ्याची रसद निम्म्यावर येते. प्रत्यक्षात त्याच जूनमध्ये तह झाला. महाराजांनी २३ किल्ले दिले, १२ राखले. टेबलावर कुणी १५ राखून दाखवले, तर पंचाने तिथेच खेळ थांबवून त्याच्या सगळ्या चिठ्ठ्या पुन्हा वाचून दाखवाव्यात. पुढच्या रविवारच्या गप्पांची सोय होते.