उत्तर नेमके कुणाला जाते?

ऑक्टोबर 1997 मध्ये मायक्रोसॉफ्टमधल्या एका कर्मचाऱ्याला कळले, की आपले नाव ‘बेडलॅम डीएल-3’ या ईमेल-यादीत आहे. यादी कशासाठी, हे ठाऊक नसल्याने त्याने ‘माझे नाव काढा’ असे तिच्याच पत्त्यावर लिहिले. यादीत सुमारे 13,000 जण होते. ‘माझेही काढा’ म्हणणारी उत्तरे सगळ्यांना गेली आणि ‘सगळ्यांना उत्तर पाठवू नका’ असे बजावणारी पत्रेही सगळ्यांनाच गेली. एका उत्तराच्या 13,000 प्रती, म्हणजे शंभर उत्तरांच्या 13 लाख. शिवाय पत्र वाचल्याच्या पोचपावत्या वेगळ्याच. तासाभरात सुमारे दीड कोटी संदेश, 195 जीबींचा भार आणि कोलमडलेली यंत्रणा, असा हिशेब पुढे कंपनीच्याच तंत्रज्ञांनी मांडला. 14 नोव्हेंबर 2016 रोजी ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत हेच घडले. स्थानिक यादी तयार करताना यंत्रणेतल्या दोषामुळे तिच्यात देशभरातले सुमारे 8 लाख 40 हजार कर्मचारी आले, त्यांना एक चाचणी-ईमेल गेले आणि मग उत्तरांची रांग लागली. सव्वा तासात सुमारे 50 कोटी संदेश फिरल्याच्या बातम्या तेव्हा आल्या.

अशा प्रसंगी ‘लोकांना शिस्त नाही’ असे म्हणून आपण मोकळे होतो. हे निदान मला साफ चुकीचे वाटते. पहिल्या घटनेत स्वतः ईमेलचे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीचे लोक होते, तर दुसऱ्या घटनेत रुग्णसेवेत गुंतलेले. उत्तर देताना ते कुणाकडे जाते आहे ते पाहा, हा सल्लाही जुनाच आहे. इंटरनेटवरच्या शिष्टाचारांच्या 1995 सालच्या दस्तऐवजात तो स्वच्छ लिहिलेला आहे. तरीही चूक होते, कारण पडद्यावर दिसते ते एका माणसाचे पत्र आणि पत्त्याच्या जागी यादीचे एकच नाव. त्या नावामागे बारा जण आहेत की बारा हजार, हे दिसतच नाही. जे दिसत नाही त्याचे भान ठेवा, असे किती वेळा बजावणार? चूक यादीच्या रचनेत असेल, तर दुरुस्तीही तिथेच व्हायला हवी.

ही रचना ठरते ‘रिप्लाय-टू’ या एका ओळीने. ईमेलच्या मथळ्यातल्या या ओळीत जो पत्ता असेल, तिकडे साधे उत्तर जाते. यादी चालवणारे सॉफ्टवेअर तिथे यादीचाच पत्ता भरू शकते किंवा मूळ लेखकाची ओळ आहे तशी सोडू शकते. ‘मेलमन’ या प्रसिद्ध सॉफ्टवेअरमध्ये बहुतेक याद्यांसाठी उत्तर लेखकालाच जावे, अशी ठाम शिफारस आहे, आणि ती मला पटते. दोन्ही बाजूंनी चूक होऊ शकते, पण दोन्हींची किंमत सारखी नाही. सर्वांसाठीचे उत्तर चुकून एकालाच गेले, तर ते पुन्हा पाठवता येते. आजारपण, पगार किंवा सहकाऱ्याबद्दलची तक्रार एकासाठी लिहिली आणि ती सगळ्यांकडे गेली, तर ती परत घेता येत नाही. म्हणून विचार न करता दाबलेल्या बटणाने कमी नुकसान होईल, तीच बाजू आधीपासून निवडलेली असावी.

यावरचा आक्षेप वजनदार आहे. उत्तरे एकेकट्याकडे गेली, की चर्चा आटते. प्रश्न सगळ्यांना दिसतो, तोडगा एकालाच मिळतो आणि पुढच्या महिन्यात तोच प्रश्न पुन्हा येतो. तांत्रिक मदतीच्या याद्यांचे खरे धन असते ते त्यांच्या जुन्या पत्रव्यवहारात. म्हणून एकाच कामात गुंतलेल्या, एकमेकांना ओळखणाऱ्या छोट्या गटात उत्तर यादीकडे वळवायला माझी हरकत नाही. तिथे माणसे ‘रिप्लाय’ दाबतात ते गटाशी बोलायलाच. मोठ्या चर्चायाद्यांसाठी मात्र वेगळी सोय 1998 पासून आहे. ‘लिस्ट-पोस्ट’ या ओळीत यादीचा पत्ता स्वतंत्र देता येतो आणि थंडरबर्डसारखे सॉफ्टवेअर तो ओळखून ‘यादीला उत्तर’ असे वेगळे बटण दाखवते. लेखकाला की यादीला, हे मग माणूस जाणूनबुजून ठरवतो. असे बटण सर्रास दिसत नाही, ही मला मोठी उणीव वाटते.

सूचनांच्या याद्यांचा प्रश्न त्याहून सोपा आहे. कार्यालयातली परिपत्रके किंवा माजी विद्यार्थ्यांना कळवलेली मेळाव्याची तारीख अशा यादीवर लिहिण्याचा अधिकार दोन-तीन जणांपुरताच हवा. यात लोकांचे तोंड बंद होते असे कुणी म्हणेल. पण ‘रिप्लाय-टू’मध्ये जबाबदार माणसाचा पत्ता घातला, तर तक्रार थेट तिची दखल घेणाऱ्याकडे पोचते, हजारो अनोळखी माणसांना ती कळून काही उपयोग नसतो. मायक्रोसॉफ्टने मे 2020 मध्ये आपल्या ऑनलाइन ईमेल-सेवेत आपोआप चालणारा बांध घातला. 5,000 हून अधिक जणांना तासाभरात दहा ‘रिप्लाय ऑल’ गेले, की त्या संभाषणातली पुढची उत्तरे चार तास अडवली जायची. सोय चांगलीच आहे, पण ती जागी होईपर्यंत किमान 50,000 प्रती वाटून झालेल्या असायच्या. लिहिण्याचा अधिकार आधीच मर्यादित असेल, तर पहिले उत्तरच यादीवर पोचत नाही, आणि ही मर्यादा घालायला यादीच्या चालकाला एक सेटिंग बदलावे लागते.