विश्लेषण : बाळाला घेऊन तंबूत मुक्काम करताय? बॅग पहाटे चारच्या हिशेबाने भरा

दिवाळी सरून हवेत गारवा आला, की पुणे-मुंबईकरांच्या गाड्या पवना धरणाकडे वळतात. लोहगड, विसापूर, तुंग आणि तिकोना या किल्ल्यांच्या सान्निध्यातल्या या जलाशयाच्या काठावर शनिवारी तंबूंच्या रांगा लागतात. भंडारदऱ्यातही हेच चित्र असते. एकेकाळी कॉलेजच्या मुलामुलींचा असलेला हा बेत आता कुटुंबांचाही झाला आहे. साहजिकच आई-बाबांच्या कडेवर बसून सहा-आठ महिन्यांची बाळेही तिथे पोहोचू लागली आहेत.

अशा सहलीची बॅग बहुतेक घरांत दिवसाच्या हिशेबाने भरली जाते. फोटोसाठी नवे कपडे, गॉगल, खेळणी, खाऊचे डबे. अडचण मात्र रात्री येते आणि तीही पहाटेच्या सुमारास, जेव्हा मोठी माणसे गाढ झोपलेली असतात. त्यामुळे बाळासाठी काय न्यायचे, हे ठरवताना पहाटे चार वाजता तंबूत काय परिस्थिती असेल, याचा विचार आधी केलेला बरा.

पहाटे तंबूत नेमके काय घडते?

मोबाइलवर पुण्याचे किमान तापमान १२ अंश दिसते, म्हणून तेवढीच तयारी केली जाते. इथेच पहिली गफलत होते. हवामान केंद्रातला तापमापक जमिनीवर नसतो, तो साधारण माणसाच्या छातीच्या उंचीवर जाळीदार पेटीत बसवलेला असतो. निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता वेगाने आकाशात सोडते आणि तिला लागून असलेली हवा सर्वात जास्त गार होते. गार हवा जड असल्याने ती डोंगरउतारावरून खाली येऊन दरीत आणि जलाशयाच्या काठच्या सखल जागेत साचते. बाळ झोपते ते नेमके याच हवेत, जमिनीपासून वीतभर उंचीवर. म्हणजे मोबाइलवरच्या आकड्यापेक्षा दोन-चार अंश कमी धरूनच तयारी करावी लागते.

तंबूचे कापड ऊब धरून ठेवत नाही. ते वारा आणि दव अडवते, एवढेच. त्यात दोन-तीन माणसांच्या श्वासातली वाफ कापडाच्या आतल्या बाजूला जमते आणि पहाटे थेंब होऊन खाली ओघळते. तंबूच्या भिंतीला टेकून ठेवलेले दुपटे सकाळी ओलेचिंब मिळते ते त्यामुळे. म्हणून बाळाची जागा मधोमध हवी आणि हवा खेळण्यासाठीची जाळी थोडी उघडी हवी. थंडी लागेल या भीतीने सगळ्या चेन गच्च लावल्या तर ओल आणखी वाढते.

दुपारी उलट प्रकार होतो. उन्हात उभा असलेला बंद तंबू बंद गाडीसारखा तापतो. त्यामुळे दुपारची झोप झाडाच्या सावलीत, मच्छरदाणीखाली घ्यावी.

बाळ कुडकुडत नाही, मग थंडी कशी ओळखायची?

हा मुद्दा सर्वाधिक महत्त्वाचा आहे. वजनाच्या मानाने बाळाच्या त्वचेचे क्षेत्रफळ मोठ्या माणसापेक्षा बरेच जास्त असते, त्यामुळे शरीरातली उष्णता झपाट्याने बाहेर जाते. शिवाय लहान बाळाला मोठ्यांसारखे कुडकुडून ऊब निर्माण करता येत नाही. पाठीत आणि मानेजवळ असलेली खास प्रकारची चरबी जाळून ते शरीर गरम ठेवते आणि तो साठा मर्यादित असतो. गारठलेले बाळ रडून घर डोक्यावर घेईलच असे नाही. ते गप्प होते, सुस्त पडते, दूध नको म्हणते. ‘किती शहाण्यासारखे झोपले आहे’ असे म्हणून दुर्लक्ष होण्याचा धोका असतो तो इथे.

हात-पाय गार लागणे ही खूण विश्वासार्ह नाही, ते एरवीही गार असतात. मानेच्या मागे, छातीवर किंवा पाठीवर हात लावून पाहावे. तिथे कोमट लागले तर ठीक. घाम लागला तर एक कपडा कमी करावा, कारण झोपेत बाळ अति तापणेही तितकेच धोक्याचे असते. साधारण हिशेब असा : त्याच हवेत मोठ्या माणसाला जेवढे कपडे पुरतात, त्यापेक्षा एक थर जास्त.

एका जाड स्वेटरपेक्षा तीन पातळ थर बरे. आत सुती झबले, वर बंद पायांचा पूर्ण सूट आणि त्यावर लोकरीचे. कुंची आणि कानटोपी संध्याकाळी बाहेर बसताना उत्तम, पण झोपताना डोळ्यांवर-नाकावर सरकेल किंवा गळ्याशी आवळेल असे काही अंगावर नको. प्रत्येक थराचा एक जादा जोड वेगळ्या प्लास्टिक पिशवीत बांधून न्यावा. पहाटे डायपर गळले, की ओला कपडा बाळाची ऊब सर्वात आधी पळवतो. तो जोड बॅगेच्या तळाशी नको, उशाशी हवा आणि शेजारी टॉर्च.

गादी कॅम्पवाले देतात, ती चालेल का?

मोठ्यांना चालेल. बाळाला शक्यतो नको. एक वर्षापर्यंत बाळाला पाठीवर, सपाट आणि टणक पृष्ठभागावर, उशीशिवाय झोपवावे, हा बालरोगतज्ज्ञांचा सर्वमान्य सल्ला आहे. हवा भरलेल्या गादीत खळगा पडतो. बाळ कुशीवर वळून तिथे तोंड खुपसून राहिले, तर त्याला मान उचलता येईलच असे नाही. मऊ रजई, जाड गोधडी, मोठ्यांची झोपण्याची पिशवी यांचाही धोका तोच.

थंडीत ऊब वरून घालण्यापेक्षा खालून अडवणे सोपे पडते. पाठीखालची जमीन रात्रभर उष्णता शोषत असते. दुमडून नेता येणारी टणक फोमची चटई, तिच्यावर घट्ट ताणून बसवलेली चादर आणि अंगात पुरेसे कपडे, एवढे केले तर वरून सुटे पांघरूण लागत नाही. बाळ पालथे पडू लागले असेल, तर दुपट्यात करकचून गुंडाळणेही थांबवलेले असावे. घरची चटई आणि घरचेच चादरीचे कापड न्यावे, अनोळखी जागी बाळाला ओळखीचा वास मिळतो.

तंबूत शेगडी पेटवून ऊब आणली तर?

अजिबात नाही. या विषयात ‘पण थोडा वेळ’ असेही काही नसते. संध्याकाळच्या बार्बेक्यूचे निखारे तंबूत किंवा दाराशी आणून ठेवण्याची सवय काही ठिकाणी दिसते. ज्वाळा विझून नुसते लाल निखारे उरले, की धूर दिसत नाही आणि म्हणून ते निरुपद्रवी वाटतात. प्रत्यक्षात अर्धवट जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड हा रंग-वास नसलेला वायू सतत बाहेर पडत असतो. रक्तातले हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट या वायूला धरते, त्यामुळे शरीराला ऑक्सिजन मिळेनासा होतो. मोठ्या माणसाला डोके दुखणे, मळमळणे अशी सूचना तरी मिळते. बाळाला ती सांगता येत नाही, आणि त्याचा श्वासांचा वेग मोठ्यांच्या दुपटीच्या आसपास असल्याने विषारी हवा त्याच्या शरीरात लवकर भिनते. गॅसचा छोटा स्टोव्हही याच यादीत येतो. बाळंतिणीच्या खोलीत धुरी देण्याची सवय असलेल्या घरांनी तर तंबूत हा विचारही करू नये.

डासांचे काय? कापराची पुरचुंडी बरी का?

अनेक आज्या बाळाच्या दुपट्याला कापराची पुरचुंडी बांधून देतात. हेतू चांगला असला, तरी ही वस्तू घरीच ठेवलेली बरी. कापूर लहान मुलाच्या पोटात थोडा जरी गेला तरी झटके येऊ शकतात आणि हाताला लागेल ते तोंडात घालणे हेच तर या वयाचे काम. कापूर असलेले चोळायचे मलमही दोन वर्षांखाली वापरू नये. डांबराच्या गोळ्या कपड्यांत ठेवलेल्या असतील, तर ते कपडे आधी धुऊन घ्यावेत. त्या गोळ्यांतल्या नॅप्थलीनमुळे काही बाळांच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात.

तंबूत मच्छर अगरबत्तीही नको. बाळाच्या अंथरुणावर बसणारी, खालून बंद असलेली घडीची मच्छरदाणी हा सर्वात स्वस्त आणि सुरक्षित उपाय. त्वचेला लावायची डीट असलेली क्रीम दोन महिन्यांखालील बाळांना लावत नाहीत. मोठ्या बाळालाही ती बाळाच्या डॉक्टरांना विचारून, हात, डोळे आणि तोंड सोडून लावावी. ‘नैसर्गिक’ म्हणून विकले जाणारे लेमन युकॅलिप्टसचे तेल तीन वर्षांखाली चालत नाही. नैसर्गिक म्हणजे बाळासाठी सुरक्षित, हे गणित बाजाराने रुजवलेले आहे. उन्हापासून बचावाचेही तसेच : सहा महिन्यांखाली सनस्क्रीन नव्हे, सावली आणि अंगभर सुती कपडे.

दूध, पाणी आणि खाणे कसे सांभाळायचे?

बाळ फक्त अंगावर पीत असेल, तर ही बाजू जवळजवळ सुटलेलीच आहे. सहा महिन्यांपर्यंत वरचे पाणीही लागत नाही. काढलेले दूध साध्या खोलीच्या तापमानाला चार तास आणि बर्फाच्या पिशव्या असलेल्या थंड डब्यात २४ तासांपर्यंत टिकते.

खरी कसरत पावडरच्या दुधाची. पावडर निर्जंतुक नसते, म्हणून जागतिक आरोग्य संघटना ती किमान ७० अंश तापलेल्या पाण्यात कालवायला सांगते. पहाटे तीन वाजता कॅम्पचे स्वयंपाकघर बंद असते. त्यामुळे झोपण्यापूर्वी उकळते पाणी चांगल्या थर्मासमध्ये भरून घ्यावे आणि लागेल तेव्हाच ताजे दूध करावे. बाटली गार पाण्यात धरून कोमट करावी आणि मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून पाहावा. आधीच करून ठेवलेले दूध दोन तासांपलीकडे वापरू नये. बाटल्या मोजून न्याव्यात, तिथे त्या उकळायची सोय असेलच असे नाही.

सहा महिन्यांनंतर मऊ भात, मुगाचे वरण, नाचणीचे सत्त्व आणि केळे. केळ्याइतके कॅम्पला सोयीचे अन्न नाही, धुवावे लागत नाही आणि डबाही लागत नाही. कॅम्पचे जेवण नऊ-साडेनऊला वाढतात आणि ते तिखट असते. बाळाचा साधा वरण-भात सातला मिळेल का, हे आधीच विचारून ठेवावे. सर्दी होईल म्हणून मधाचे बोट चाटवण्याचा मोह टाळावा. बोट्युलिझमच्या धोक्यामुळे एक वर्षाखाली मध वर्ज्य आहे.

औषधांच्या पिशवीत तापमापक, डॉक्टरांनी वजनानुसार लिहून दिलेले तापाचे औषध आणि ओआरएसच्या पुड्या असाव्यात. पुडी जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचीच घ्यावी. त्या सूत्राशी न जुळणाऱ्या गोड पेयांवर ‘ओआरएस’ हे नाव छापायला अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली आहे.

विंचू-सापाची भीती कितपत खरी?

भीतीपेक्षा शिस्त उपयोगी पडते. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्यांना चावते. तिचा दंश अनेकदा दुखतही नाही. तंबूची चेन दिवसाही बंद ठेवणे, आत खाऊ सांडू न देणे, बाळाचे कपडे आणि बूट घालण्यापूर्वी झटकणे, एवढे नियम पाळावेत.

लाल विंचवाचा दंश लहान मुलांसाठी जिवावरचा ठरू शकतो. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन हे रक्तदाबावरील औषध या दंशावर वापरून दाखवले आणि कोकणातली कित्येक मुले वाचली. या कामाची दखल जगाने घेतली. पण ते औषध वेळेत मिळायला हवे. बाळ एकाएकी किंचाळून रडू लागले, दरदरून घाम आला, उलट्या झाल्या, हात-पाय गार पडले, तर मांत्रिक किंवा घरगुती लेपाची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठावे.

रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे, मात्र डोंगरांच्या कुशीत प्रत्येक कंपनीची रेंज मिळत नाही. नकाशा आधीच डाउनलोड करून ठेवावा. भंडारदऱ्याहून नाशिक सुमारे ७० किलोमीटरवर आहे आणि रविवारी संध्याकाळी लोणावळ्याच्या रस्त्यावरची कोंडी सर्वांना ठाऊक आहे.

कोणत्या वयात न्यावे?

सरकारी वेळापत्रकातली सहा, दहा आणि चौदा आठवड्यांची लसीकरणे पूर्ण होईपर्यंत तंबूचा बेत पुढे ढकललेला बरा. तीन महिन्यांखालील बाळाला १००.४ फॅरनहाइट ताप आला, तरी तातडीने डॉक्टर गाठावा लागतो. गंमत म्हणजे पाच महिन्यांचे बाळ दहा महिन्यांच्या बाळापेक्षा नेणे सोपे असते. रांगते बाळ खडा, पान, सिगारेटचे थोटूक असे सगळे तोंडात घालते आणि शेकोटीकडे व पाण्याकडे हमखास जाते. अशा वेळी मोठ्यांपैकी एकाने तरी आळीपाळीने फक्त बाळाकडेच लक्ष द्यावे, हातात फोन नाही आणि ग्लासही नाही. बोटीची सफर सरळ वगळावी, बाळाच्या मापाचे लाइफ जॅकेट काठावर सहसा नसते.

बुकिंग करताना काय विचारावे?

तंबू पाण्यापासून किती लांब आहे, रात्री डीजे किती वाजेपर्यंत चालतो, तंबूपर्यंत गाडी येते का, पक्की खोली रिकामी आहे का. शेवटचा प्रश्न सर्वात मोलाचा. हवा बिघडली किंवा बाळ बेचैन झाले, तर रात्री दहाला तिथे हलता येते. तेही नसेल, तर परतीची गाडी चालवू शकणारी एक व्यक्ती रात्रभर शुद्धीत हवी.

डायपर घरी दिवसाला जितके लागतात, त्याच्या दीडपट न्यावेत आणि वापरलेले मोजून परत आणावेत. शेकोटीत टाकलेल्या डायपरमधले प्लास्टिक जळते आणि तो धूर पुन्हा बाळाच्याच नाकात जातो. जलाशयाच्या काठावर पुरलेले डायपर कुत्री उकरून काढतात. घनकचरा व्यवस्थापन नियमांनुसारही ते नीट गुंडाळून वेगळे द्यायचे असतात. त्यासाठी घट्ट झाकणाचा एक जुना डबा डिकीत टाकला, की परतीचा प्रवासही वासाविना होतो.