शुश्रूषा करणाऱ्याचा वांटा

सिपना नदीच्या कांठचें सेमाडोह वाचकांस व्याघ्रवनामुळें ठाऊक असेल. परंतु तेथील एखाद्या कोरकू घरांतला तरुण अंथरुणास खिळला, तर त्याच्या उशाशीं बसणाऱ्या आईची मजुरी बुडते, हा हिशेब क्वचितच कोणी मांडतो.

१९८० सालीं सुरू झालेल्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेंतून गरीब अपंगांस दरमहा १,५०० रुपये मिळत. ऑक्टोबर २०२५ पासून ते २,५०० झाले. वाढ रास्तच, पण ही रक्कम रुग्णाची. आईचें काय? २०१६ च्या कायद्याच्या २४ व्या कलमांत शुश्रूषेच्या भत्त्याचा उल्लेख आहे खरा. मात्र सरकारच्या आर्थिक कुवतीप्रमाणें, अशी त्यास पुस्ती आहे! आपल्या एकत्र कुटुंबांत हें ओझें एखादी विधवा आत्या मुकाट्यानें वाहते, म्हणून तें आपणांस दिसत नाहीं, इतकेंच.

मेळघाट उतरून अचलपूर तालुक्यांतील वझ्झर येथें गेल्यास तें दिसतें. शंकरबाबा पापळकरांनीं तेथें टाकून दिलेलीं मतिमंद व मूकबधिर मुलें वाढविलीं, त्यांस आपलें नांव दिलें. २०२४ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. त्यांची मागणी निराळीच आहे: अठरा वर्षें पुरीं झालीं म्हणून अशा बेवारस मुलांस संस्थेबाहेर काढूं नये, असा कायदा ते मागत आले आहेत.