घरी परतलेला घोडेस्वार

अमेरिकेच्या पश्चिम भागातील विस्तीर्ण कुरणे, गुरांचे कळप, घोड्यावर मांड ठोकलेले गुराखी आणि त्यांच्या कमरेची पिस्तुले यांवर निघालेले चित्रपट एके काळी आपल्याकडील शहरांतूनही हौसेने पाहिले जात. त्यांतील पुष्कळसे केवळ गोळीबाराचे खेळ असत व ते विसरण्यातच शहाणपण आहे. परंतु त्यांतून पुढे आलेल्या एका नटाचे चरित्र कुटुंबात बसून वाचण्याजोगे आहे. त्याचे नाव गॅरी कूपर.

७ मे १९०१ रोजी मोंटाना राज्यातील हेलेना येथे त्याचा जन्म झाला. मूळ नाव फ्रँक जेम्स. आईबाप इंग्लंडहून आलेले. वडील पुढे त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती झाले. घरची गुरांची मोठी वाडी असल्यामुळे घोड्यांची ओळख त्याला मुद्दाम करून घ्यावी लागली नाही. मध्यंतरी तो इंग्लंडात शाळेत होता व तेथे १९११ साली अँग्लिकन पंथात त्याचा स्नानसंस्कार झाला. पुढे ऐन पौगंडात मोटारीच्या अपघातात त्याचा खुबा दुखावला, आणि वैद्याने उपाय सांगितला तो घोडेस्वारीचा! उपायाने हाड सुधारले की बिघडले, कोण जाणे; पण त्याची ती किंचित अवघडलेली चालच पुढे पडद्यावर त्याची ओळख होऊन बसली.

व्हायचे होते त्याला चित्रकार. १९२४ साली तो लॉस एंजलिसला आला. पण कुंचल्यावर पोट भरेना. तेव्हा मोंटानाकडच्या मित्रांच्या संगतीने तो चित्रपटांत रोजंदारीवर घोडेस्वाराची कामे करू लागला. १९२९ च्या 'द व्हर्जिनियन' या बोलपटाने तो नावारूपास आला आणि १९४१ च्या 'सार्जंट यॉर्क'ने त्याला ऑस्कर पारितोषिक मिळवून दिले. मोजके बोलावे, पण बोलल्याप्रमाणे वागावे, अशा माणसांच्या भूमिका त्याला शोभत.

अशा भूमिकांचा कळस म्हणजे १९५२ चा 'हाय नून'. एका लहान गावचा अंमलदार विल केन नुकताच विवाहबद्ध झाला आहे. त्यानेच पूर्वी तुरुंगात धाडलेला गुंड सुटून दुपारी बाराच्या गाडीने सूड घेण्यास येत आहे. घड्याळाचे काटे पुढे सरकत राहतात आणि केन दारोदार मदत मागत फिरतो. रविवारची उपासना चालू असताना तो देवालयातही जातो. तेथे चर्चा होते, त्याची स्तुतीही होते. सोबत मात्र कोणीच निघत नाही. तेथील पाळकदेखील संदिग्ध बोलून बाजूला होतो. मी स्वतः धर्मगुरू असल्यामुळे तो प्रसंग पाहताना बसल्या जागी चुळबुळ होते.

त्या भूमिकेतील थकलेला, वेदनेने ओढलेला चेहरा पाहून लोक अभिनयाची वाखाणणी करीत. परंतु तेथे रंगभूषेचे काम थोडेच होते. चित्रीकरणाच्या वेळी कूपर पन्नाशीचा होता, पोटातील व्रणाने व पाठदुखीने बेजार होता; आणि त्याचे घर मोडले होते. १९३३ साली त्याने व्हेरोनिका बाल्फ या कॅथोलिक युवतीशी विवाह केला होता. १९३७ साली मारिया ही एकुलती एक कन्या झाली. पुढे 'द फाउंटनहेड' या चित्रपटातील सहनटी पॅट्रिशिया नील हिच्या मोहात तो गुरफटला व १९५१ साली पत्नीपासून विभक्त झाला. गावाला पाठ न दाखवणाऱ्या अंमलदाराचे सोंग उत्तम वठवणारा हा मनुष्य स्वतःच्या उंबरठ्याला पाठ दाखवून बसला होता. व्हेरोनिकाने घटस्फोट दिला नाही. लोक तिला हट्टी म्हणाले असतील. मला ती विल केनपेक्षा धीराची वाटते.

१९५३ च्या जून महिन्यात पत्नी व कन्या यांच्यासह त्याने रोममध्ये पोप बारावे पायस यांचे दर्शन घेतले, आणि १९५४ च्या सुमारास तो घरी परतला. पुढे तो त्यांच्यासोबत मिस्साला जाऊ लागला. फादर हॅरॉल्ड फोर्ड यांच्याशी त्याचा स्नेह जुळला. उभयतांना शिकारीची आवड. तेव्हा संभाषण बंदुकांवरून सुरू होऊन श्रद्धेपर्यंत पोहोचले. (धर्मशिक्षणाची ही पद्धत आम्हांस सेमिनरीत कोणी शिकवली नव्हती!) ९ एप्रिल १९५९ रोजी बेव्हर्ली हिल्स येथील उत्तम मेंढपाळाच्या मंदिराशी संलग्न होऊन त्याने कॅथोलिक ख्रिस्तसभेत प्रवेश केला.

पुढच्याच वर्षी त्याला कर्करोग जडल्याचे निष्पन्न झाले. एप्रिल १९६१ मध्ये त्याला विशेष ऑस्कर देण्यात आले. तो येऊ शकला नाही. त्याच्या वतीने ते स्वीकारताना मित्र जेम्स स्ट्युअर्ट याचा कंठ दाटून आला, तेव्हा जगाला खरे काय ते उमगले. साठावा वाढदिवस होऊन सहा दिवस झाले, आणि १३ मे रोजी कूपर निवर्तला.

पॅट्रिशिया नीलची हकिकत अद्याप राहिली. वडिलांच्या त्या प्रकरणाच्या वेळी वयात येऊ लागलेली मारिया रस्त्यात तिच्यावर थुंकली होती. १९६५ साली मेंदूतील रक्तस्रावाने नील अंथरुणास खिळली व मोठ्या कष्टाने पुन्हा चालूबोलू लागली. कालांतराने मारियाने तिला क्षमा केली. एवढेच नव्हे, तर कनेक्टिकट राज्यातील रेजिना लॉडिस या बेनेडिक्टाइन भगिनींच्या मठाची वाट तिनेच तिला दाखवली. तेथे नीलचे वर्षानुवर्षे जाणेयेणे राहिले. २०१० साली, मृत्यूपूर्वी काही महिने, तीही कॅथोलिक झाली. तिला त्याच मठाच्या भूमीत पुरले आहे.