वही रद्दीत घालू नका!

‘संशोधनाचं पुस्तक’ म्हटलं की डोळ्यांसमोर जाडजूड ठोकळा येतो. ‘हे काही आपल्यासाठी नाही बाई!’ असं म्हणून आपण मोकळ्या होतो. पण मैत्रिणींनो, गेल्या तीस-चाळीस वर्षांत इतिहास आणि समाजशास्त्राची जी नवी पुस्तकं आली, त्यातल्या कितीतरी पुस्तकांची शिदोरी साध्यासुध्या बायकांच्या घरातूनच गेली आहे.

फलटणच्या बेबीताई कांबळेंचंच बघा ना. छोटंसं दुकान सांभाळता सांभाळता त्या लिहायच्या. नवऱ्याला कळू नये म्हणून कागद लपवून ठेवायच्या. कैक वर्षं पडून राहिलेल्या त्या कागदांचं पुढे ‘जिणं आमुचं’ झालं. पुणे विद्यापीठात शिकवणाऱ्या शर्मिला रेगे यांनी दलित स्त्रियांच्या आत्मकथनांवर २००६ मध्ये इंग्रजीत अभ्यासग्रंथ लिहिला, त्यात बेबीताई आहेत. लपवलेले कागद असे विद्यापीठात पोचले!

ज्यांनी लिहूनच ठेवलं नव्हतं, त्यांचं काय? जुलै १९४२ मध्ये नागपूरला दलित महिलांची परिषद भरली. अध्यक्ष होत्या सुलोचनाबाई डोंगरे. हजारो बायका आल्या होत्या. पण इतिहासाच्या पुस्तकांत त्या कुठे दिसतात? उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी या बायकांना शोधून काढलं आणि बोलतं केलं. उर्मिलाताई काही प्राध्यापक नव्हत्या, सरकारी नोकरी करत होत्या. तरी जुने कागद आणि या मुलाखती यांतून ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक उभं राहिलं. १९८९ मध्ये मुंबईच्या ‘स्त्री उवाच’नं ते छापलं. वंदना सोनाळकर यांनी केलेला इंग्रजी अनुवाद २००८ मध्ये दिल्लीच्या ‘झुबान’नं काढला. ही प्रकाशन संस्था उर्वशी बुटालियांची. त्याआधी १९८४ मध्ये त्यांनी रितू मेनन यांच्यासोबत ‘काली फॉर विमेन’ ही फक्त स्त्रियांविषयीची पुस्तकं काढणारी संस्था सुरू केली होती. ‘बायकांचं कोण वाचणार?’ हा प्रश्न त्यांनाही चुकला नसणार!

म्हणून सांगावंसं वाटतं, दिवाळीची साफसफाई करताना आजीची हिशेबाची वही, आईची पत्रं, भिशीच्या किंवा महिला मंडळाच्या जुन्या नोंदी रद्दीत घालू नका. आजी अजून बोलती असेल, तर तिचं लग्न, तिची शाळा, तिनं पाहिलेला दुष्काळ लिहून घ्या. वर गावाचं नाव आणि तारीख तेवढी टाका. अभ्यासकाला त्याच सगळ्यात आधी लागतात. आणि हो, गावातल्या वाचनालयात ही पुस्तकं नसतील, तर मागणीच्या वहीत नाव लिहून या. मागणीच नसेल, तर पुस्तक आणणार तरी कोण?